कोरड्या हवेतला चैत्र

सोलापुरात वसंत येतो तो कोरडा येतो. होळी विझली की चार-दोन दिवसांतच हवेतलं पाणी कुठंतरी निघून जातं. ओठ फुटतात, पहाटे घसा खरखरतो, दोरीवर टाकलेले कपडे तासाभरात कडक होतात, मळलेलं पीठ क्षणभर उघडं राहिलं तर वरून पापुद्रा धरतं. इतर गावांना वसंताची वर्दी कोकीळ देत असेल, आंब्याचा मोहोर देत असेल. आमच्या घरी ती बाबा मिलमधून घेऊन यायचे. संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवायची, रिकामा डबा आईच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, "आज धागा लई तुटला."

बाबा सायझिंग खात्यात होते. विणायला घेण्याआधी उभ्या सुताला खळ पाजायची, वाळवायची आणि ते बिमावर, म्हणजे मागाच्या मोठ्या रुळावर, गुंडाळायचं, हे त्यांचं काम. मागावर उभा धागा ताणून बसवलेला असतो. धोटा एकदा इकडून तिकडे गेला की फणी एकदा ठोकते आणि प्रत्येक ठोक्याला तो धागा घासला जातो. खळ लागलेली असली की त्याचे बारीक तंतू बसून राहतात, तो ते घासणं सोसतो. पण कापसाच्या सुताचं बळ हवेतल्या ओलाव्यावरही असतं. हवा कोरडी पडली की कालपर्यंत ताठ उभं राहिलेलं सूत आज ठिसूळ होतं. मिलच्या आत पाण्याचे बारीक फवारे सोडून हवा दमट ठेवायचे, तरी फाल्गुन सरता सरता बाहेरचा कोरडेपणा आत शिरायचाच. धागा तुटला की माग थांबणार, कामगार गाठ मारणार, पुन्हा चालू करणार. दिवसाचं कापड तेवढं कमी भरणार, आणि साच्यावरच्या, म्हणजे माग चालवणाऱ्या, माणसाचा पगार कापडावर. मग ती माणसं सायझिंगवाल्यांवर चिडायची. बाबा ते सगळं ऐकून घेऊन घरी यायचे आणि जेवताना गप्प असायचे. खळ किती दाट शिजवायची, सूत किती वाळवायचं, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात भाकरीच्या तुकड्याबरोबर चालू असायचा.

जुनी मिल 1877 साली सुरू झाली. तिच्या मागोमाग इतर मिल उभ्या राहिल्या आणि पुढं कित्येक पिढ्या या गावाचं घड्याळ भोंग्यावर चाललं. भोंग्याबद्दल सोलापूरकर अजून हळवे होऊन बोलतात, ते बरोबरच आहे. मला मात्र वाटतं, मिलनं या गावाला नुसती वेळ कळवली नाही, ऋतूही कळवला. माझ्या बाबांना पंचांग वाचता येत नव्हतं, पण फाल्गुन कधी उतरतो ते त्यांच्या बोटांना कळत होतं.

साखर पेठेतल्या ज्या वाड्यात आम्ही राहायचो, तिथं मधल्या अंगणात एक लिंब होता. लिंब म्हणजे कडुनिंब. आमच्याकडं नुसतं लिंबच म्हणतात. महाशिवरात्रीपासून त्याची पानं पिवळी पडायला लागायची आणि मग एक दिवस असा यायचा की सकाळी दार उघडलं तर अंगण दिसायचं नाही, नुसता पिवळा थर. वाड्यातल्या बायकांनी झाडायच्या पाळ्या लावून घेतल्या होत्या. झाडून पाठ फिरवावी तर पुन्हा पानं. माझी अज्जी, बाबांची आई, उंबऱ्यात बसून हे बघायची आणि म्हणायची, "झाडू नका गं एवढं. त्याचं होऊ दे, मग झाडा." कुणी ऐकायचं नाही.

लिंब पुरता उघडा कधी पडत नाही. जुनी पानं गळत असतानाच टोकांना तांबूस, तेलकट चकाकीची कोवळी पानं फुटतात. आठवड्याभरात ती पोपटी होतात आणि त्यांच्या बगलेतून मोहोराचे बारीक पांढरे तुरे लोंबायला लागतात. दिवसा त्यांच्याकडं कुणी बघतही नाही, मधमाश्या सोडल्या तर. पण दिवेलागणीला, ऊन उतरलं, अंगणात सडा पडला की वास सुटतो. गोड आहे, पण नुसता गोड नाही. त्याच्या तळाशी एक कडसर धार आहे. मोगऱ्याचं कौतुक सगळे करतात. मला विचाराल तर चैत्रातल्या संध्याकाळी लिंबाखाली जो वास येतो त्याच्यापुढं मोगरा फिका आहे. मोगरा माणूस लावतो, पाणी घालतो, गजरा करतो. लिंब कुणी लावत नाही. वर्षाचा सगळ्यात कोरडा, सगळ्यात तापलेला काळ तो स्वतःहून फुलायला निवडतो, तेही जमिनीत पाणी खोल गेलेलं असताना. लहानपणी हे कळत नव्हतं. आता कळतं आणि दर वर्षी नव्यानं नवल वाटतं.

आमचं घरही तीन मुलखांचं होतं. अज्जी अक्कलकोट तालुक्यातली, तिची भाषा कन्नड. स्वप्नातसुद्धा ती कन्नडच बोलायची. आई मंगळवेढ्याची, मराठी. बाबा दोन्ही बोलायचे आणि मिलमध्ये तेलुगू. शेजारच्या बिऱ्हाडात पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातलं, कुटुंब. तिथल्या बाईंना सगळा वाडा अक्का म्हणायचा. अक्का दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. तेंदूची पानं कात्रीनं कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून बाजूला. बोलताना, रागावताना, हसतानाही हात थांबायचे नाहीत. पाडव्याच्या आदल्या दिवशी मात्र सूप उलटं करून कोपऱ्यात ठेवायच्या.

कारण तो सण एकाच दिवशी तिघांचाही. आमचा पाडवा, अक्कांची उगादी, अज्जीचंही उगादीच, पण तिच्या पद्धतीची. तिघींनाही मोहोर हवा असायचा आणि झाड एक. पहाटे वाड्यातला कुणीतरी मुलगा वर चढायचा, खाली धोतर धरलेलं असायचं, फांदी हलवली की मोहोर त्यात पडायचा. त्याची वाटणी व्हायची. आई त्यात कोवळी पानं, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, जिरे, ओवा, हिंग, मीठ घालून पाट्यावर वाटायची. आमच्या वाट्याला सुपारीएवढी गोळी, गिळायची आणि वर साखरगाठीचा एक मणी चावायचा. अक्कांची पच्चडी पातळ. नवी चिंच, गूळ, कैरीच्या बारीक फोडी, मिरची, मीठ आणि वरून मोहोर. सहा चवी एका वाटीत. अज्जीचा बेवु तर पेल्यातून प्यायचा. गुळाच्या पाण्यात डाळव्याचं पीठ, चिंच, सुक्या खोबऱ्याचा कीस आणि त्यात तरंगणारा मोहोर. त्यामुळं आम्हा मुलांना पाडव्याला तीनदा कडू खावं लागायचं. तक्रार केली की अज्जी सांगायची, तीन घरचं खाल्लं की वर्षभर दवाखान्याची पायरी चढावी लागत नाही. आम्ही चढायचोच. तरी पुढच्या पाडव्याला ती तेच सांगायची आणि आम्ही तेच मानायचो.

मग पंचांग. दाते पंचांग आमच्या गावचं, शंभराहून अधिक वर्षं ते सोलापुरातून निघतंय. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांच्या भिंतीवर, देवघराजवळ, कपाटावर जे वर्ष उघडतं, ते आधी सोलापुरात तयार होतं, याचा मला लहानपणापासून अभिमान आहे. वाड्याचे मालक गुडीची पूजा झाली की ओट्यावर बसून संवत्सराचं नाव, पाऊस किती, धान्य किती, हे मोठ्यानं वाचायचे. पावसाचा भाग आला की सगळे पुढं सरकायचे. सोलापूर जिल्ह्यात पावसाच्या भाकिताला कुणी करमणूक म्हणून ऐकत नाही. माझी आई पदर सावरून, हात जोडून ऐकायची, कारण तिचा भाऊ मंगळवेढ्याच्या काळ्या रानात शाळू पेरायचा.

मामा पाडव्याच्या आगेमागे यायचे, एसटीच्या टपावर पोतं टाकून. रब्बीची ज्वारी पावसावर नव्हे, काळ्या मातीनं धरून ठेवलेल्या ओलीवर पिकते. पाऊस सरताना पेरायची, थंडीत वाढवायची आणि माघ-फाल्गुनात काढायची. ज्या कोरड्या हवेनं बाबांचा धागा तुटायचा, तीच हवा मामांच्या खळ्यावरचं कणीस टणक वाळवायची. मामा मूठभर मालदांडी आईच्या ओंजळीत ओतायचे, ती दाणे चाळवायची, एखादा दाताखाली फोडून बघायची. बाबा म्हणायचे, "तुझ्या भावाला बरं आहे, त्याला ही हवा मानवते." मामा म्हणायचे, "दाजी, पाऊस नाही आला की मग बोला." दोघं हसायचे. पुरणपोळी आणि येळवणीवर ताव मारून मामा दुसऱ्या दिवशी अज्जीला घेऊन अक्कलकोटला जायचे, कारण पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी स्वामींचा प्रकटदिन असतो आणि अज्जीनं तो कधी चुकवला नाही. तिला माहेरही भेटायचं आणि स्वामीही.

चिंचेचं लिहायलाच हवं. नवी चिंच याच दिवसांत येते. आई वर्षाची चिंच एकदम घ्यायची आणि दुपारभर घरातल्या सगळ्यांनी बसून फोडायची. टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, बत्त्यानं ठेचून चिंचोके वेगळे करायचे, मग मीठ लावून गोळे बरणीत. बोटं काळी पडायची, सालपटांनी नखांखाली दुखायचं. चिंचोके आम्ही खेळायला घ्यायचो, अर्धे फोडून पटावर सोंगट्या म्हणून टाकायचो. उरलेले आई साठवून ठेवायची. मला वाटायचं ते चुलीत जाणार. एकदा बाबा माझ्याशेजारी बसले, एक चिंचोका हातात घेऊन नखानं त्याची तपकिरी साल खरवडली आणि आतला पांढरा भाग दाखवला. म्हणाले, "याचं पीठ शिजवलं की खळ होती. सुताला लावतात. तू जे खेळालीस, त्यावर कापड उभं राहतंय."

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. त्या दिवसापर्यंत बाबांचं काम माझ्यासाठी भिंतीपलीकडचं होतं. भोंगा झाला की जाणं, भोंगा झाला की येणं. आमच्या स्वयंपाकघरातली चिंच आणि त्यांच्या खात्यातली कढई यांच्यात काही नातं असेल असं कधी मनात आलं नव्हतं. बाबा फार बोलणारे नव्हते. त्या दुपारी मात्र ते बराच वेळ बोलले. खळ जास्त झाली तर धागा कडक होऊन मोडतो, कमी झाली तर तंतू उभे राहतात आणि फणीत अडकतात, शिजवताना गाठ राहिली तर पुढं तीच गाठ कापडात दिसते. आई चिंच फोडता फोडता ऐकत होती. तिनंही ते पहिल्यांदाच ऐकलं असावं, असं तिच्या चेहऱ्याकडं बघून वाटलं.

पुढं मिल बंद पडली. त्या वर्षांबद्दल लिहायचं ठरवलं तर तो वेगळा लेख होईल, आणि तो लिहायची माझी अजून तयारी नाही. बाबांना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादरीच्या कारखान्यात काम मिळालं. पगार कमी, पण हात सुतातच राहिले. पहिल्या पाडव्याला तिथून त्यांना एक चादर मिळाली, निळ्या जमिनीवर पांढरा मोर. ती अजून आमच्याकडं आहे. सोलापुरी चादर जुनी होते तशी मऊ होते, पण विरत नाही, हे आमच्या गावाबाहेरच्या लोकांनीही मान्य केलेलं आहे.

पाडवा झाला की झोपायची जागा बदलायची. वाड्यावर माळवद होतं, लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छप्पर. दिवसभर ते तापायचं. संध्याकाळी शिडीवरून बादल्या चढवून त्यावर पाणी मारायचं, आधी वाफ निघायची, मग मातीचा वास, आणि अंधार पडेपर्यंत ते बसण्याजोगं व्हायचं. सहाही बिऱ्हाडं वर. मधे ना भिंत ना पडदा, फक्त कुणाचं अंथरूण कुठं हे ठरलेलं. खाली वर्षभर जे एकमेकांना दारातून भेटायचे, ते चैत्र-वैशाखात शेजारी शेजारी झोपायचे. भांडणं तिथंच मिटायची, लग्नं तिथंच जुळायची. अक्का तेलुगूत गोष्ट सांगायला लागल्या की आम्हाला अर्धी कळायची आणि उरलेली अर्धी आम्ही रचायचो. अज्जी आभाळ दाखवायची. उत्तरेला सप्तर्षी वर चढलेले, पश्चिमेला मृग मावळायच्या बेतात, आणि पौर्णिमेच्या सुमाराला चंद्राजवळ चित्रा. तिच्यावरूनच महिन्याला चैत्र म्हणतात, हे तिला शाळेत न जाता ठाऊक होतं. कोरड्या हवेचा एक गुण असा, की दिवस कितीही पेटला तरी मध्यरात्रीनंतर ती निवते. पहाटे चादर पांघरावीच लागायची. बाबा उठून, पावलं न वाजवता, आमच्या अंगावरच्या सरकलेल्या चादरी वर ओढायचे. मी जागी असायचे कित्येकदा. डोळे मिटून पडून राहायचे, म्हणजे त्यांनी ओढाव्यात.

माळवदावरच उन्हाळी कामं व्हायची. तीन दिवस भिजवलेले गहू, रोज पाणी बदललेले, चौथ्या दिवशी वाटून पिळून काढलेला चीक, तो पहाटे शिजवायचा आणि ऊन वर यायच्या आत कुरडया घालून मोकळं व्हायचं. शिजवलेला चीक गूळ-तूप घालून खायला मिळावा म्हणून आम्ही मुलं बोलावल्याशिवाय उठायचो. मग सांडगे, पापड, शेवया. कावळ्यांना हाकलायला काठी घेऊन बसायचं काम माझ्याकडं. एवढंच सांगते की ज्या घरात माणूस गेलेलं असेल, त्या घराच्या कुरडया त्या वर्षी वाड्यातल्या इतर बायका घालून द्यायच्या, आणि त्याबद्दल कुणी बोलायचं नाही.

बाबा फाल्गुनातच गेले. त्या वर्षी आम्ही गुडी उभारली नाही. तोवर वाडा सुटून वर्षं झाली होती, आम्ही जुळे सोलापूरला राहत होतो आणि अक्का मुलाबरोबर पूर्व भागातल्याच दुसऱ्या घरी. पाडव्याच्या सकाळी त्यांचा नातू स्कूटरवर पच्चडीचा डबा घेऊन आला. आईनं डबा हातात घेतला नाही, म्हणाली, यंदा आमच्यात सण नाही बाळ. त्यानं फोन लावून दिला. अक्का पलीकडून ठणकावून म्हणाल्या, "वहिनी, गोडाला सुतक असतंय. कडूला कसलं सुतक?" आईनं डबा उघडला. बाबा गेल्यापासून ती रडली नव्हती. त्या दिवशी रडली, आणि वाटी पुसून खाल्ली.

लोक म्हणतात ऋतू बदलले. बदललेच आहेत. पूर्वी मे महिन्यात ज्या उन्हाची गोष्ट व्हायची, ते आता एप्रिलमध्येच दारात असतं. 42 अंश म्हणजे बातमीसुद्धा राहिलेली नाही. पाडव्याला मोहोर कधी झडून गेलेला असतो, कधी यायचाच असतो. रस्ते रुंद झाले तेव्हा कितीतरी लिंब गेले आणि त्यांच्या जागी जी शोभेची झाडं आली, त्यांच्या सावलीत माणूस तर सोडाच, कुत्रंही बसत नाही. याचा मला राग आहे. ज्या गावात सावली हीच श्रीमंती आहे, तिथं लिंब तोडताना दहादा विचार व्हायला हवा.

पण बसून विचार केला की असंही वाटतं, ऋतूपेक्षा ऋतूत राहायची आमची तऱ्हा जास्त बदलली. पूर्वी ऊन वाढलं की माणसं घराबाहेर यायची. अंगणात, ओट्यावर, माळवदावर. आता ऊन वाढलं की आत जातात. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलर चालू, आणि प्रत्येक खोलीत एकेक माणूस. कुरडया दुकानातून येतात आणि त्या चांगल्याही असतात. चिंच बिया काढलेली मिळते. बायकांच्या पाठीचं, हातांचं दुखणं त्यानं कमी झालं, आणि ते कमी व्हायलाच हवं होतं. माझ्या आईचे गुडघे कशानं गेले ते मला माहीत आहे. त्या कष्टांचे गोडवे मी गाणार नाही. मला खंत आहे ती एवढीच, की कष्टांबरोबर ती दुपारही गेली, ज्या दुपारी बाप आपल्या मुलीला चिंचोका खरवडून दाखवतो. हातांना काम असताना माणूस जे बोलतो, ते समोरासमोर बसून बोलता येत नाही. निदान आमच्या घरातल्या माणसांना तरी यायचं नाही.

म्हणून गेल्या दोन-तीन चैत्रांपासून मी चिंच आख्खी आणते. थोडीच, आमच्यापुरती. आई आता ऐंशीच्या पुढं गेली आहे, तिची बोटं वाकडी झाली आहेत, पण बत्ता ती मला देत नाही. चिंच फोडताना ती बोलते. कधी न सांगितलेलं सांगते. मिल बंद पडल्यानंतरच्या चैत्रात बाबा रोज सकाळी डबा घेऊन ठरल्या वेळी बाहेर पडायचे आणि सिद्धेश्वर तलावाकाठी जाऊन बसायचे, आम्हा मुलांना कळू नये म्हणून, हे मला त्या चिंचेपाशी कळलं. आई म्हणाली, "मला माहीत होतं. डब्यात मी रोज एक चपाती जास्त घालत होते. तिथं आणखी कोण कोण बसत असतील म्हणून." आणि पुढचा चिंचोका काढला.

यंदा पाडव्याच्या सुट्टीत पुण्याहून दादा-वहिनी आले, बरोबर माझा भाचा. तेरा वर्षांचा आहे. त्याला आजीनं माळवदाचं काहीतरी सांगितलं असणार, कारण संध्याकाळी तो माझ्याकडं येऊन म्हणाला, "आत्या, आपण वर झोपू या ना." दादा म्हणाला, डास आहेत, सिमेंटची गच्ची आहे, रात्री बारापर्यंत भट्टी असते, काही नको. वहिनींनी मात्र कपाट उघडलं. निळी मोराची चादर काढली, आणखी दोन काढल्या.

प्रश्न पाण्याचा होता. उजनी धरणात पाणी असो-नसो, आमच्या नळाला ते चार-पाच दिवसांआड येतं, आणि त्या दिवसाला अजून अवकाश होता. आई पाण्याच्या बाबतीत फार कडक आहे. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला जातं, तांदूळ धुतलेलं कुंडीला. कुणी नळ सोडून दात घासले तर ती घरभर ऐकू जाईल असं बोलते. त्यामुळं गच्ची ओली करण्याचा विषय मी काढलाच नाही. आम्ही अंथरुणं घेऊन वर गेलो, जमिनीला हात लावला आणि उचलला. दादा काही बोलला नाही, पण त्याच्या मनातलं दिसत होतं.

तेवढ्यात खालून आईचा आवाज आला, "काय करालाव गं वर? पाणी मारलं का?" मी म्हटलं, आई, पाणी कुठलं. "पिंपातलं घ्या. दोन बादल्या. मी सांगते ना, घ्या." भाचा धावला. पहिली बादली दादानं ओतली, वाफ उठली, आणि तो मुलगा नाक वर करून म्हणाला, "कसला वास आहे हा?" दुसरी त्यानं स्वतः आणली, निम्मी जिन्यातच सांडली. आई कठड्याला धरून एकेक पायरी चढत वर आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. दारात उभी राहून तिनं गच्ची नीट बघून घेतली आणि काठीनं टाकीकडचा कोपरा दाखवला, "ते तिकडं कोरडंच राहिलंय. तिथं मी झोपणार आहे. आणखी एक आणा."